'दोन सबवूफर पुरेत' : मी अर्धाच वाचलेला पेपर

मागच्या दिवाळीच्या आधी लहान भावाचा दवनीवाड्याहून फोन आला. हलक्या धानाचे पैसे हातात आले होते, मंडईला पाहुणे येणार होते, आणि त्याच्या डोक्यात एकच विषय होता. "ताई, मोठा सबवूफर घेऊ का आहे त्याच्यासोबत अजून एक लावू? दुकानदार म्हणते बारा इंची घे."

घरी आधीपासून एक ५.१ सेट होता, त्यात आठ इंची सबवूफर. पर्याय दोन होते. तो काढून बारा इंची घ्यायचा, किंवा तसाच ठेवून शेजारी दुसरा आठ इंची आणायचा. मी ध्वनिशास्त्राची नाही, माझा विषय पदार्थविज्ञानातला वेगळा कोपरा आहे. पण पीएचडी करणाऱ्या माणसाला "मला माहीत नाही" म्हणायची लाज वाटते, हे तुम्हाला हळूहळू कळेलच. त्या रात्री मी शोधाशोध केली, एक पेपर सापडला, त्याचा सारांश आणि शेवटचा निष्कर्ष वाचला आणि भावाला सांगून टाकलं, "दोन घे. संशोधन झालंय त्यावर."

साडेनऊ हजार रुपये गेले. मंडईच्या दिवशी सोफ्यावर बसलेल्यांच्या छातीत धडधड होत होती, बाबांच्या खुर्चीपर्यंत मात्र काहीच पोचत नव्हतं. आणि तिसऱ्या दिवशी शेजारचे काकाजी येऊन शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्या खिडकीचे काच वाजतेत जी. पोरगी बारावीला आहे."

म्हणून हा लेख. पेपरची समीक्षा आहे, पण निम्मी समीक्षा माझ्या वाचनाची आहे. तुमच्यापैकी जे पेट देणार आहेत किंवा नुकतेच नोंदणी करून साहित्याचा आढावा लिहायला बसले आहेत, त्यांना दुसरा भाग जास्त कामाचा वाटेल असं मला वाटतं.

पेपर टॉड वेल्टी यांचा. २००२ साली म्युनिकला ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं ११२ वं अधिवेशन झालं, त्यात सादर झालेला. नावच प्रश्न आहे : 'हाऊ मेनी सबवूफर्स आर इनफ', म्हणजे किती सबवूफर पुरेसे. लेखक तेव्हा हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत संशोधन करत होते. निष्कर्ष थोडक्यात असा : आयताकृती खोलीत चार सबवूफर पुरे होतात, त्याहून जास्त लावून फारसा फायदा नाही, आणि दोनसुद्धा जवळजवळ तितकंच चांगलं काम करतात.

मी वाचलं ते एवढंच. "दोनसुद्धा जवळजवळ तितकंच."

आता आधी थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढची टीका पोकळ होईल. बारावीला बंद नळीतल्या स्थिर तरंगांचा धडा होता, आठवा. निस्पंद आणि प्रस्पंद. खोली म्हणजे तीन दिशांना बंद असलेली नळीच समजा. आवाजाच्या दाबाचा विचार केला तर भिंतीवर नेहमी प्रस्पंद असतो, म्हणजे दाबाची उलाढाल तिथे सगळ्यात जास्त. दोन समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर ल असेल तर पहिली स्थिर तरंग वारंवारता येते आवाजाचा वेग भागिले दोन ल. आमचा हॉल १४ फूट लांब, ११ फूट रुंद, १० फूट उंच. मीटरमध्ये ४.२७, ३.३५ आणि ३.०५. आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर धरला तर लांबीची पहिली वारंवारता ४० हर्ट्झ, रुंदीची ५१, उंचीची ५६. म्हणजे सबवूफर ज्या पट्ट्यात काम करतो, बरोबर त्याच्या मध्यभागी हे तीन डोंगर उभे आहेत. स्पीकर कितीही महाग आणा, ४० हर्ट्झला तुम्ही स्पीकर कमी आणि खोली जास्त ऐकत असता.

(एक गंमत. आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो. डिसेंबरात हॉल १५ अंशांवर असेल तर आपला ४० हर्ट्झचा डोंगर ३९.८ वर असतो, मे महिन्यात कूलर बंद असताना ४० अंश झाले तर तो ४१.५ वर सरकतो. पावणेदोन हर्ट्झ काही फार नाही, पण हिवाळ्यात बारकाईने जुळवलेला अरुंद फिल्टर उन्हाळ्यात डोंगराच्या उतारावर बसतो. वातानुकूलित प्रयोगशाळेत बसून हे सुचत नाही.)

भावाने काय केलं? दोन्ही सबवूफर टीव्हीच्या डाव्या-उजव्या बाजूला ठेवले. दिसायला छान, वायर पुरते, आणि मी त्याला फक्त "दोन" सांगितलं होतं, "कुठे" सांगितलंच नव्हतं. आता हिशोब करा. समोरच्या भिंतीवर डावीकडे एक, उजवीकडे एक. रुंदीच्या पहिल्या तरंगासाठी खोलीच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांत दाबाची चिन्हं उलट असतात, त्यामुळे दोघे मिळून त्या तरंगाला एकमेकांविरुद्ध ढकलतात. ५१ हर्ट्झचा डोंगर जवळपास गायब. चांगलं झालं. पण लांबीच्या दिशेने दोघेही एकाच भिंतीवर, दोघेही प्रस्पंदावर, दोघेही एकाच बाजूने ढकलणारे. म्हणजे ४० हर्ट्झला एका सबवूफरच्या तुलनेत ६ डेसिबल जादा. आणि आमचा सोफा? मागच्या भिंतीला टेकलेला, अगदी समोरच्या प्रस्पंदावर. बाबांची खुर्ची? हॉलच्या मध्यात, पंख्याखाली, अगदी निस्पंदावर. एकाला धडधड आणि दुसऱ्याला शून्य, हे दोन्ही एकाच कारणाचे परिणाम.

सहा डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. मधल्या वारंवारतांना, म्हणजे हजार हर्ट्झच्या आसपास, आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. पण आपल्या कानाच्या समान-तीव्रता वक्ररेषा खालच्या वारंवारतांना एकमेकींच्या फार जवळ येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली त्या पहिल्यांदा नीट काढल्या, २००३ साली त्यांचं आंतरराष्ट्रीय मानक सुधारलं गेलं. त्या मानकाप्रमाणे ४० हर्ट्झला सुमारे ६ डेसिबलमध्येच आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे सोफ्यावरच्या पाहुण्यांची तक्रार अतिशयोक्ती नव्हती.

मग पेपर चुकला का? नाही. मी पेपर काढून पुन्हा बसले, यावेळी सुरुवातीपासून. वेल्टी यांनी कुठेही "कोणतेही दोन" असं म्हटलेलं नाही. त्यांनी वेगवेगळ्या संख्या वेगवेगळ्या जागी ठेवून तुलना केली आहे, आणि त्यांचे चांगले दोन म्हणजे समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यबिंदूंवरचे दोन. त्याचं कारणही आता तुम्हाला स्वतः काढता येईल. एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर, एक मागच्या. लांबीच्या पहिल्या तरंगाला दोघे विरुद्ध बाजूंनी ढकलतात, तो विरतो. रुंदीच्या पहिल्या तरंगासाठी दोघेही निस्पंदावर बसलेत, तो उठतच नाही. दोन खोक्यांत दोन डोंगर साफ. मांडणी सुंदर आहे, मानलं पाहिजे. आणि मी ती सारांशातून गाळून भावाला पाठवली.

इथपर्यंत दोष माझा. आता पेपरकडे वळू, कारण दुसऱ्या वाचनात मला काही गोष्टी खटकल्या आणि त्या सगळ्या माझ्या नाहीत.

पहिली गोष्ट मोजमापाची. पेपरचा मुख्य निकष असा आहे की बसायच्या जागांच्या एका जाळीवर, प्रत्येक वारंवारतेला, एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत आवाज किती बदलतो. संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन, आणि सोबत कमाल-किमान फरक. हा निकष हुशारीचा आहे. पण तो काय मोजत नाही तेही बघा. समजा एखाद्या खोलीत प्रत्येक खुर्चीवर आवाज अगदी सारखाच वाईट आहे, सगळीकडे ४० हर्ट्झला तोच १२ डेसिबलचा डोंगर. या निकषावर ती खोली उत्तम ठरते. विचलन शून्य! लेखकाला हे माहीत आहे, आणि त्यामागचा युक्तिवाद रास्त आहे : सगळ्या जागांवर सारखाच दोष असेल तर एका इक्वलायझरने तो सगळ्यांसाठी एकदम दुरुस्त करता येतो, जागोजागी वेगळा असेल तर एकाची दुरुस्ती दुसऱ्याचा बिघाड होते. म्हणजे हा उपाय दोन पायऱ्यांचा आहे. आधी सारखेपणा, मग इक्वलायझर. पेपर पहिल्या पायरीचा आहे. आमच्या ॲम्प्लिफायरला दुसरी पायरीच नाही, बास आणि ट्रेबल अशी दोन बटणं आहेत, त्यातलं एक गोल फिरत राहतं. आमच्या घरासाठी पेपरचा निष्कर्ष अर्धा जिना आहे.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती सबवूफरपुरती नाही. एखादा पेपर "अमुक पद्धत सर्वोत्तम" म्हणतो तेव्हा तो "माझ्या निकषावर सर्वोत्तम" म्हणत असतो, आणि निकषाच्या मागे कधीकधी न दिसणारं एक उपकरण उभं असतं. ते उपकरण तुमच्या प्रयोगशाळेत आहे का?

त्याच निकषाबद्दल अजून एक कुरकुर. विचलन डेसिबलमध्ये काढून सगळ्या वारंवारतांना सारखं वजन दिलं की ३० हर्ट्झवरचे ३ डेसिबल आणि ८० हर्ट्झवरचे ३ डेसिबल एकाच भावात विकले जातात. वर सांगितल्याप्रमाणे कान तसं करत नाही, खाली तो जास्त हळवा आहे. एखादा निकष गणिताला सोपा असतो म्हणून निवडला जातो आणि मग सगळे तोच वापरतात, हे प्रत्येक शाखेत घडतं. माझ्याही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर, आणि ती पेपरच्या निष्कर्षात स्वच्छ लिहिलेली असूनही लोक गाळतात. भिंतींच्या मध्यबिंदूंवर ठेवलेले सबवूफर आवाज सारखा करतात, पण खालच्या वारंवारतांना खोलीचा जो फुकटचा आधार मिळत असतो तो घालवतात. साहजिक आहे. ज्या तरंगाने धडधड होत होती तोच तरंग आवाज मोठाही करत होता. तो मारला की उरलेलं काम स्पीकरलाच करावं लागतं. कोपऱ्यांत ठेवले तर आधार जास्त, सारखेपणा थोडा कमी. म्हणजे हा सौदा आहे, आणि सौद्याची किंमत ज्याच्याकडे मोठा ॲम्प्लिफायर आणि मोठा पडदा आहे त्याला परवडते.

इथेच भावाचा मूळ प्रश्न येतो, जो मी ऐकूनही ऐकला नव्हता. त्याने विचारलं होतं, मोठा घेऊ की अजून एक घेऊ. पेपर या प्रश्नाचं उत्तरच देत नाही! पेपरचा प्रश्न आहे, सारखे सबवूफर असतील तर किती आणि कुठे. "खोल" आवाज हवा असेल तर हिशोब वेगळा आहे. तितक्याच मोठ्या आवाजासाठी वारंवारता निम्मी केली की पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. ४० वरून २० हर्ट्झला यायचं तर चौपट. आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं : दोन आठ इंची मिळून ६४ अधिक ६४, म्हणजे १२८, एक बारा इंची एकटाच १४४. पडद्याची मागेपुढे हालचाल सारखी धरली तर दुकानदाराचा बारा इंची आमच्या दोघांपेक्षा जास्त हवा हलवणारा होता. दुकानदार बरोबर होता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, कारण खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा बघून काही ठरवणं म्हणजे बैलाच्या शिंगांवरून त्याची ताकद ठरवणं. पण त्याने निदान विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि त्याला संशोधनाचं नाव लावलं.

तिसरी गोष्ट गृहीतकांची. खोली आयताकृती, बंद, आणि श्रोते मध्यभागी. सोफा भिंतीला टेकवलेला नाही. तुमच्या ओळखीच्या किती घरांत सोफा हॉलच्या मध्यात असतो? आमच्याकडे मधली जागा मोकळीच लागते, तिथे जेवणाची पंगत बसते, धानाची पोती येतात, पाहुणे झोपतात. सोफा भिंतीलाच. आणि दार ओट्याकडे उघडं असतं, सकाळपासून रात्री झोपेपर्यंत. उघडं दार म्हणजे ४० हर्ट्झच्या दृष्टीने भिंतीला पडलेलं भोक, स्थिर तरंगाचं गणित तिथे सैल होतं.

पण इथे एक उलटी गोष्टही आहे आणि ती मला फार आवडली. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बऱ्याचदा लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेल्या असतात. असा तक्ता खालच्या वारंवारतेला स्वतः थरथरतो आणि थोडा आवाज गिळून टाकतो. आमच्या हॉलच्या भिंती नऊ इंची विटांच्या, वर प्लास्टर, वर काँक्रीटचा स्लॅब, खाली फरशी. काहीच थरथरत नाही, काहीच गिळत नाही. स्थिर तरंगाच्या साध्या सूत्रात भिंती ताठ धरलेल्या असतात. ते गृहीतक अमेरिकेच्या घरापेक्षा दवनीवाड्याच्या घराला जास्त लागू पडतं. म्हणून आमच्याकडचे डोंगर जास्त टोकदार. "परदेशातलं संशोधन आपल्याला लागू नाही" हे वाक्य समीक्षेत ठोकून देण्याआधी एकेक गृहीतक वेगळं काढून तपासा. काही आपल्याकडे जास्त खरी निघतात.

कंपनीच्या हितसंबंधाबद्दल लिहिलं नाही तर कुणीतरी विचारेल. स्पीकर विकणाऱ्या कंपनीतला संशोधक सांगतो की जास्त सबवूफर चांगले, तर शंका घ्यायची का? घ्यायची. पण शंका घेऊन थांबायचं नाही, आकडे बघायचे. याच पेपरने "चारच्या वर फायदा नाही" असंही सांगितलंय, जे विक्रीच्या दृष्टीने फार सोयीचं नाही. शिवाय वरचं चिन्हांचं गणित कोणाच्याही पगारावर अवलंबून नाही, ते मी वहीच्या पानावर करून पाहिलं. मला खरी अडचण दुसरीकडे दिसते. त्या काळी या अधिवेशनांचे पेपर लेखकाच्या हस्तलिखितावरून जसेच्या तसे छापले जात, परीक्षण मंडळाने संपूर्ण पेपर तपासलेला नसे, आणि तशी सूचना पहिल्याच पानावर असे. २००६ च्या मे महिन्यात वेल्टी आणि ॲलन डेव्हान्टिअर यांचा या विषयावरचा पुढचा पेपर त्याच सोसायटीच्या जर्नलमध्ये आला, रीतसर परीक्षण होऊन. त्यात आयताच्या पलीकडच्या खऱ्या खोल्यांचा विचार आहे, प्रत्येक सबवूफरची पातळी, विलंब आणि फिल्टर वेगवेगळा ठरवून जागांमधला फरक कमी करायची पद्धत आहे. म्हणजे ज्यांच्यावर मी गृहीतकांची टीका करतेय त्यांनी चार वर्षांत स्वतःच ती गृहीतकं सोडली होती. तरी ऑडिओवाल्या लोकांच्या तोंडी बसलं ते २००२ चं वाक्य. साधं वाक्य जिंकतं. तुम्ही संदर्भ देताना त्या लेखकाचं पुढचं काम बघितलंय का, हा प्रश्न मला माझ्या मार्गदर्शकांनी दोनदा विचारलाय आणि दोन्ही वेळा मी खाली बघितलंय.

आता काकाजींची खिडकी. याबद्दल पेपरमध्ये एक शब्द नाही, आणि असायची गरजही नव्हती, कारण त्यांचा प्रश्न खोलीच्या आतला होता. पण आमच्यासाठी सगळ्यात मोठं मोजमाप तेच होतं.

भाऊ आधी वाद घालत होता. त्याने मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं, काकाजींच्या भिंतीशी उभा राहिला, आणि मला फोटो पाठवला : "बघ ताई, नियमात आहे." आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल. पण नीट वाचा, ते साधे डेसिबल नाहीत, 'ए' भारित डेसिबल आहेत. 'ए' भार म्हणजे मधल्या वारंवारतांना जवळजवळ पूर्ण किंमत द्यायची आणि खालच्यांची कापायची. किती कापायची? १०० हर्ट्झला १९ डेसिबल, ६३ ला २६, ५० ला ३०, ३१.५ ला ३९. म्हणजे काकाजींच्या खोलीत ५० हर्ट्झचा ७५ डेसिबलचा घरघराट असेल तर यंत्रावर आकडा दिसतो ४५. नियम पाळला गेला आणि काच वाजते आहे, दोन्ही एकाच वेळी खरं. त्यात मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, खालच्या टोकाला तो कमीच ऐकतो. आणि भिंत? भिंत वरचे आवाज छान अडवते, पण वारंवारता निम्मी झाली की तिची अडवण्याची ताकद साधारण ६ डेसिबलने घटते. म्हणून शेजारच्या घरी संवाद जात नाहीत, गाण्याचे शब्द जात नाहीत, फक्त ठोका जातो. अभ्यास करणाऱ्या मुलीला फक्त ठोका ऐकू येणं हे गाणं ऐकू येण्यापेक्षा वाईट. मंडईत रात्रभर नाटक आणि दंडार चालते तेव्हा कुणी तक्रार करत नाही, कारण ती वर्षातून एकदाच असते आणि गावच तिथे असतं. सोफ्यावरची धडधड रोजची होती.

मी हे भावाला फोनवर समजावलं तर तो म्हणाला, "म्हणजे नियम चुकला?" नियम चुकला नाही. तो रहदारी, भोंगे, लाउडस्पीकर अशा मिश्र आवाजांना धरून बसवलेला निकष आहे, आणि आपण तो एका सबवूफरच्या घरघरीला लावला. परत तीच गोष्ट : निकष एका प्रश्नाचा, वापर दुसऱ्या प्रश्नाला.

डिसेंबरात मी घरी गेले तेव्हा विभागातून मोजमापाचा माइक मागून नेला होता, आणि लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. पहिल्या दिवशी जुन्याच जागी मोजलं. सोफ्यावर ४० च्या आसपास डोंगर, बाबांच्या खुर्चीवर तिथेच खड्डा. वहीतलं उत्तर पडद्यावर दिसलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी सोफा दीड फूट पुढे ओढला, एक सबवूफर टीव्हीखाली मध्यावर, दुसरा सोफ्यामागे मध्यावर. डोंगर आणि खड्डा दोन्ही बरेच बसले. आईने विचारलं, सोफ्यामागे झाडायचं कसं. याचं उत्तर कुठल्याच पेपरमध्ये नाही.

आणि मग भाऊ म्हणाला, "पण ताई, आवाजच गेला." गेलाच होता. आधार गेला, वर सांगितलं ते. त्याने पातळी वाढवली, आठ इंची पडदा फडफडायला लागला. त्याला हवी होती धडधडच, थोडी कमी आणि सगळ्यांना सारखी. मी इतके दिवस एका अशा प्रश्नाचं उत्तर सुधारत होते जो त्याने विचारला नव्हता.

शेवटी एक जुनी युक्ती केली जी पेपरच्याही आधीची आहे. तो बहुतेक वेळा एकटाच बघतो, सोफ्याच्या डाव्या टोकाला बसून. एकाच माणसासाठी सारखेपणाची गरजच नाही. सबवूफर उचलून त्याच्या बसायच्या जागी सोफ्यावर ठेवला, आणि माइक हातात घेऊन मी भिंतीकडेने रांगत फिरले. जिथे आवाज सगळ्यात सपाट मिळाला तिथे सबवूफर ठेवायचा. हे चालतं याचं कारण ध्वनीचा व्युत्क्रम नियम, हेल्महोल्ट्झ आणि रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेला : उगम आणि श्रोता यांच्या जागा बदलल्या तरी दोघांमधलं नातं तेच राहतं. मी रांगत असताना काकाजी दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, "काय हरवलं जी?"

जागा निघाली उजव्या भिंतीला, एका बाजूला, जिथे कुठलाही नियम सांगणार नाही अशी. योगायोगाने ती काकाजींच्या भिंतीपासून दूरची भिंत आहे. एकच सबवूफर तिथे लावलाय. तुमच्या खोलीचं माप घेऊन तिन्ही वारंवारता काढून बघा, मग सबवूफर नसला तरी मोबाइलवर ४० ते ६० हर्ट्झचा सूर एखाद्या बऱ्या स्पीकरवर हळू वाजवून खोलीत चालून बघा. निस्पंद पायाला सापडतो.

दुसरा सबवूफर, साडेनऊ हजारांचा, सध्या दिवाणाखाली आहे, प्लास्टिक गुंडाळून. बारावीची परीक्षा संपेपर्यंत तो काढायचा नाही असं भावाने काकाजींना सांगितलंय. मे महिन्यात मी जाईन तेव्हा दोन्ही लावून पुन्हा मोजणार आहे. तो पावणेदोन हर्ट्झचा सरकणारा डोंगर मला प्रत्यक्ष बघायचाय, आणि भावाला अजूनही बारा इंची हवाच आहे.